बाराव्या वाडीचं पान

आतेच्या घरात सकाळ व्हायची ती परातीच्या आवाजानं. तांदळाच्या पिठाची उकड मळताना परात शेणानं सारवलेल्या जमिनीवर थोडी थोडी सरकत जायची, आणि त्या सरकण्याचा खरखर आवाज माझ्या झोपेत शिरायचा. मग चुलीत फुंकणी, मग तव्यावर भाकरी टाकल्याचा ओला आवाज. बोलण्याचा आवाज मात्र त्यात नसायचा. आते म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती कायमची. बाबा मुंबईला गोदीत कामाला होते. तिथल्या एका खोलीत आई, बाबा, माझे दोन भाऊ आणि गावाहून कामासाठी आलेला एखादा काका, असे सगळे राहत. मी दहावी झाले तेव्हा खोलीत माझ्या अंथरुणाला जागा उरली नव्हती. आतेला सोबत होईल असं सांगून मला गावाला ठेवलं. सोबत कुणाची कुणाला होती, हे मला तेव्हाही नीट कळलं नाही. आम्ही दोघी पाच वर्षं एका घरात राहिलो, आणि त्या पाच वर्षांतली आमची वाक्यं मोजायला बसलं तर एक वही पुरेल.

गावाचं नाव मी लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांच्यातले काही अजून तिथे आहेत, आणि त्यांची मुलं माझ्याशी चांगलं बोलतात. देवरूखपासून एसटीनं पाऊण तासावरचं ते गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडे आमची बौद्धवाडी. बावीस घरं, त्यातली उघडी नऊ. बाकीची माणसं मुंबईला. मे महिन्यात कुलपं निघायची, पोरं आंब्याखाली ओरडायची, कुणाच्या तरी पडवीत टेपरेकॉर्डर लागायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात सगळं परत बंद. बंद घरांचाही एक आवाज असतो. दाराला टेकवून ठेवलेल्या माडाच्या झापा वाऱ्यानं हलतात आणि आत कुणी आहे असं वाटतं. पहिल्या वर्षी मी दोनदा जाऊन बघून आले.

रात्रीचं जेवण आम्ही दिवेलागणीलाच उरकायचो. कुळथाची पिठी, भात, चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. आते मोठा तुकडा माझ्या ताटात ठेवायची आणि तो मी परत तिच्या ताटात ठेवला तर रागवायची नाही, नुसती बघायची. मग मी खायची.

देवरूखच्या कॉलेजात मी एसटीनं जायची. वरच्या वाड्यांतल्या तिघी मुली त्याच गाडीत असायच्या. त्या माझ्यासाठी जागा धरून ठेवत, वहीतली टिपणं मागत, हसत खेळत बोलत. त्यांच्याबद्दल मी आजही वाईट लिहू शकत नाही. एवढंच, की कुणाच्या घरी पूजा होती, कुणाच्या बहिणीचा साखरपुडा होता, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांच्या आपसातल्या बोलण्यातून कळायचं. मी खिडकीबाहेर बघत राहायची. तेव्हा वाटायचं की आपला स्वभावच एकलकोंडा आहे.

बाजारपेठेत वह्यापुस्तकांच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की कॉम्प्युटर क्लास होता. सहा कॉम्प्युटर, प्रत्येकावर प्लास्टिकचं आवरण, बाहेर चपला काढायच्या. वीज गेली की सगळ्या यूपीएस एकदम टिट टिट करू लागत. क्लासचे सर चाळिशीचे, सडपातळ, पुण्याला नोकरी करून परत आलेले. बोलताना खिशातल्या रुमालानं समोरचा पडदा पुसत राहायची त्यांना सवय होती. माझा कोर्स संपला तरी त्यांनी मला येऊ दिलं. मी त्यांचं मराठी टायपिंग करून द्यायची आणि उरलेला वेळ मशीन माझं. त्या क्लासमध्ये मला कुणी तू कोणाची म्हणून विचारलं नव्हतं, म्हणून मला ती जागा फार आवडायची.

आमच्या गावाचं मुंबईत मंडळ होतं. मुंबईत नोकरी करणाऱ्या गावकऱ्यांचं. त्यांना गावाची वेबसाइट हवी होती आणि ते काम सरांकडे आलं. सरांनी गावाचं नाव वाचलं आणि म्हणाले, हे तुझंच गाव, तूच कर.

मला वेबसाइट म्हणजे काय ते बघणाऱ्याइतकं माहीत होतं, करणाऱ्याइतकं नाही. सरांनी वहीत लिहून घ्यायला लावलं. आधी साइटचं नाव नोंदवायचं. मग कुठल्या तरी लांबच्या, कायम चालू असणाऱ्या कॉम्प्युटरवर जागा घ्यायची. मग त्या जागेवर सॉफ्टवेअर बसवायचं, ज्याला सीएमएस म्हणतात. ते एकदा बसलं की कोड लिहावा लागत नाही. आपलं नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरायचं, डाव्या हाताला यादी असते, पानं, नोंदी, चित्रं, प्रतिक्रिया, मांडणी. पान उघडायचं, लिहायचं, आणि ‘प्रकाशित करा’ हे बटण दाबायचं. नोंद आणि पान यातला फरक मला समजायला दोन दिवस लागले. सर म्हणाले, नोंद म्हणजे बातमी, नवी आली की जुनी खाली सरकते. पान मात्र जिथल्या तिथे राहतं. गावाची माहिती पानात घालायची.

पहिला आठवडा अक्षरांनी खाल्ला. आम्ही जे मराठी टाइप करायचो ते फक्त आमच्याच मशीनवर मराठी दिसायचं. साइटवर टाकलं की ओळीच्या ओळी चौकोनांच्या. सरांनी शोधून काढलं की आता युनिकोड नावाची पद्धत वापरायची, आणि तिच्यासाठी मला बोटांची सगळी सवय मोडून नवा कीबोर्ड शिकावा लागला. ‘श्री’ पहिल्यांदा नीट उमटलं तेव्हा मी ते तीन वेळा पुसून परत लिहिलं. सॉफ्टवेअरनं आपण होऊन नमुन्याची एक नोंद साइटवर टाकून ठेवली होती, आणि तिच्याखाली नमुन्याची एक प्रतिक्रिया, इंग्रजीत, तुमचं स्वागत आहे अशा अर्थाची. सर म्हणाले, ते काढून टाक. मी बरेच दिवस काढलं नाही. ते यंत्रानं लिहिलंय हे मला माहीत होतं. तरीही सकाळी साइट उघडली की आधी मी ते वाचायची.

फेब्रुवारीत मंडळाचे चिटणीस आले. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणे. कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरा सदरा, सुंदर अक्षर. गावाची माहिती त्यांनी स्वतःच्या हातानं एका जाड वहीत लिहून आणली होती. माझ्यासाठी खालून चहा मागवला. गावातलीच मुलगी हे काम करते म्हटल्यावर मंडळींना केवढा अभिमान वाटेल, असं म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मी वही चाळली. ग्रामदेवता, शाळा, पाण्याची योजना, शिमग्याची पालखी, आणि मग वाड्या. प्रत्येक वाडीला एक पान. वाड्या अकरा होत्या. मी पानं परत मागून पुढे उलटली, कुठे चिकटली असतील म्हणून.

“भाऊ, आमची वाडी?” मी विचारलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. रागावले नाहीत. म्हणाले, “तुमच्या लोकांचं मुंबईत वेगळं मंडळ आहे ना? तुमच्याकडची माहिती आमच्याकडे कशी असणार? मिळाली तर टाकू की.”

वेगळं मंडळ होतं हे खरं. त्यामुळे मला पुढे बोलता आलं नाही. ‘मिळाली तर टाकू’ एवढे शब्द मात्र मी धरून ठेवले.

पुढचे पाच रविवार मी सरांचा कॅमेरा गळ्यात अडकवून अकरा वाड्या हिंडले. त्यातल्या सहा मी त्याआधी कधी पाहिल्याच नव्हत्या. एका वाडीत एक म्हातारी पडवीत फणस फोडत बसली होती. तिनं मला बोलावलं, पानावर गरे काढून दिले. “कुनाची गो तू?” असं प्रेमानं विचारलं. मी बाबांचं नाव सांगितलं, वाडी सांगितली. ती म्हणाली, असं होय. पाण्याचा तांब्या ती आतून घेऊन आलीच होती, तो तिनं माझ्या हाती न देता पायरीवर ठेवला. गरे मात्र आणखी चार आणून दिले. तिच्या घराचा फोटो साइटवर सगळ्यांत छान आला होता. कौलांवर ऊन होतं.

अकरा पानं झाल्यावर मी सरांना विचारलं. सर म्हणाले, मिळाली तर टाकू म्हणाले ना ते, मग मिळव की. वाडी आहे तर पान हवंच.

माहिती देणारी आतेच होती. मी वही घेऊन तिच्यासमोर बसले, तर ती आधी काही बोलेना. मग एका संध्याकाळी आपण होऊन म्हणाली, विहिरीचं लिही. पूर्वी आमच्या माणसांना वहाळाच्या खालच्या अंगाला पाण्यासाठी थांबावं लागे. धर्मांतरानंतर वाडीनं ठरवलं की आपली विहीर आपण खणायची. मुंबईची माणसं रजा काढून आली. दोन उन्हाळे जांभा दगड फोडत होती. तेव्हा आते अकरा वर्षांची, आईबरोबर मातीची घमेली वाहायची. खणणाऱ्यांची नावं तिनं एकेक करून सांगितली, आणि प्रत्येक नावानंतर मी लिहून होईपर्यंत थांबली. इतकं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मग विहार कसा बांधला ते सांगितलं, वाडीतला पहिला मास्तर कोण झाला ते सांगितलं. शेवटी मी म्हटलं, विहिरीपाशी तुझा फोटो काढते. ती नको म्हणाली, घरात गेली, आणि लुगडं बदलून बाहेर आली. पदर तीनदा सारखा केला.

बारावं पान मी एका शनिवारी दुपारी प्रकाशित केलं. वरच्या पट्टीत ‘वाड्या’ या शब्दावर बाण नेला की यादी खाली उघडायची. शेवटी आमचं नाव. मी बाण कितीदा वर नेला आणि खाली आणला, सांगता येणार नाही. क्लासमध्ये त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. मी बाजारात जाऊन एसटीडी बूथवरून बाबांना फोन केला.

बाबांनी ते चाळीतल्या सगळ्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी आमच्या वाडीतली सहा-सात माणसं मिळून नाक्यावरच्या सायबर कॅफेत गेली. त्यांच्यापैकी कुणी याआधी तिथे पाय ठेवला नव्हता. ठरल्या वेळी मी बूथवरून त्या कॅफेत फोन लावला. बाबांचा आवाज आला, “बाय, आपली वाडी दिसत नाय गो.” मी त्यांना सांगितलं, वाड्या लिहिलंय तिथे बाण न्या, यादी उघडेल, वाचून दाखवा. बाबांनी एकेक नाव वाचलं. अकरा झाली आणि थांबले. मी म्हटलं, खाली बघा. मागे कुणीतरी बोलत होतं, कुणीतरी खुर्ची ओढली. पुन्हा एकदा वाचा म्हटलं. त्यांनी पुन्हा अकरा वाचली. मग म्हणाले, “असंल. आमालाच कळत नसंल. तू नको वाईट वाटून घेऊस.”

सोमवारी मी धावत जिना चढले. साइट उघडली. बारा. माझ्या डोळ्यांसमोर बारा. क्षणभर मला बाबांचा राग आला, आणि त्या रागाची लाज मला आजही वाटते. मग सहज म्हणून मी शेजारचं मशीन चालू केलं आणि नाव-पासवर्ड न टाकता, कुणीही बाहेरचं माणूस उघडेल तशी साइट उघडली. अकरा.

आता मी मुलांना हेच काम शिकवते. नव्या मुलांना पहिल्या तासाला सांगते, आपण केलेलं पान आत राहून बघायचं नाही. बाहेर पडा, परक्यासारखं या आणि मग बघा. आत असलेल्याला सगळंच दिसत असतं. तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. शोधत शोधत मी पानाच्या उजव्या कोपऱ्यात आले. तिथे ‘कुणाला दिसेल’ असा एक पर्याय होता, आणि त्यापुढे लिहिलं होतं, ‘खाजगी’. म्हणजे ज्यांच्याकडे पासवर्ड आहे त्यांनाच ते पान दिसणार. पासवर्ड दोघांकडे होता, सरांकडे आणि माझ्याकडे.

मला वाटलं माझीच चूक, नवखी आहे, नको ते बटण दाबलं गेलं. मी ते बदलून ‘सर्वांसाठी’ केलं. शेजारच्या मशीनवर तपासलं. बारा दिसली. दुसऱ्या दिवशी आले तर पुन्हा अकरा.

सर समोरच होते. मी विचारलं. त्यांनी रुमाल काढला, पडदा पुसला. म्हणाले, भाऊंचा मुंबईहून फोन आला होता. मंडळातल्या दोघातिघांनी हरकत घेतली, आमच्यात न विचारता हे कसं आलं म्हणून. काढून टाका म्हणत होते. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी काढून नाही टाकलं. तुला दिसतंय ना?”

सर वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझी बाजू राखली. मी जाऊन माझ्या मशीनवर बसले आणि दुसऱ्या कुणाचं तरी टायपिंग पुरं केलं. घरी आल्यावरही कुणाला सांगितलं नाही. सांगायला कोण होतं? एसटीतल्या मुलींना काय सांगणार होते? बाबांना पत्रात लिहायला घेतलं आणि खुशालीपुढे गेले नाही.

त्याच आठवड्यात आते देवरूखला आली. न सांगता आली. जयंतीला नेसायची ते पांढरं लुगडं नेसून, केसांना तेल लावून, चपला हातात घेऊन जिना चढून वर आली आणि दारात उभी राहिली. म्हणाली, माझा फोटो बघायला आले. सरांनी स्वतः उठून तिला खुर्ची दिली.

मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, साइट उघडली आणि बारावं पान लावलं. आते प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकली होती. बोट पडद्याला न लावता, थोडं लांब धरून, ती एकेक अक्षर वाचत गेली. मध्ये एका नावापाशी थांबली आणि मान हलवली. फोटोपाशी आली तेव्हा तिनं पदर पुन्हा सारखा केला. मग तिनं विचारलं, “ह्ये सगळ्यांना दिसतंय?”

सर खिडकीपाशी उभे होते. रुमाल त्यांच्या हातात होता.

मी म्हटलं, “हो.”

परतीच्या एसटीत आते खिडकीशी बसली होती. शेजारी वरच्या वाडीतली एक बाई होती, तिला ती आपण होऊन म्हणाली की आमच्या वाडीचं कॉम्प्युटरवर आलंय, माझा फोटो आहे, तुमच्या पोराला सांगा बघायला. पाच वर्षांत मी आतेला परक्या माणसाशी असं बोलताना पाहिलं नव्हतं. ती बाई हो हो म्हणत होती. थांब्यावर उतरलो, वहाळाकडे उतरणारी पायवाट लागली, आणि मी मागून चालता चालता सगळं सांगून टाकलं. ते पान फक्त मला आणि सरांना दिसतं, बाकी कुणाला नाही.

आते थांबली. मागे वळली नाही. मला वाटलं ती मंडळाला काही बोलेल, भाऊंना बोलेल.

“मग मला हो कशाला म्हनालीस?” ती म्हणाली.

मी म्हटलं, तुला वाईट वाटलं असतं.

“त्यांनी झाकलं ती त्यांची रीत,” ती म्हणाली. “तू कुनाकडनं शिकलीस?”

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. आमच्या घरात न बोलणं नवं नव्हतं, पण हे निराळं होतं. सुक्या माशाचा मोठा तुकडा माझ्याच ताटात पडायचा, पण ती बघत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये गेले आणि सरांना सांगितलं की मी पान उघडं करतेय आणि मला भाऊंना फोन करायचाय. सरांनी रुमाल खिशात ठेवला. मग टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि जिना उतरून खाली गेले.

भाऊंनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तू लहान आहेस अजून, तुला गावच्या गोष्टी ठाऊक नाहीत. माझ्या मनात काही नाही, पण चार माणसांना धरून चालावं लागतं. मी वहीत लिहून नेलेलं वाचून दाखवलं. “भाऊ, माहिती मिळाली तर टाकू, असं तुम्ही म्हणाला होतात. ती मिळाली. पान आता सगळ्यांना दिसतंय. तुम्हाला नको असेल तर काढा, पण काढलं म्हणून सांगा. मला दिसेल आणि बाकी कुणाला नाही, असं ठेवू नका.”

मग ते म्हणाले, “बैठकीत ठेवतो.”

ती बैठक झाली की नाही, मला कधीच कळलं नाही. पान राहिलं. सरांनी पुन्हा त्याला हात लावला नाही. पण महिन्याभरानं ते मला म्हणाले की परीक्षा जवळ आली, आता तू अभ्यासाकडे बघ, टायपिंगला मी दुसरं कुणी बघतो. मी समजले. महिनाअखेर क्लासची माझ्याकडे असलेली किल्ली परत द्यायची ठरलं.

बाबा आणि ती माणसं पुन्हा एका रविवारी सायबर कॅफेत गेली. या वेळी बाबांनी मला क्लासच्या फोनवर फोन केला. वाड्यांची नावं वाचली, बारावं वाचलं, आणि मग सगळं पान मोठ्यानं वाचू लागले. अडखळले की मागून कुणीतरी शब्द पुरा करायचं. खणणाऱ्यांच्या नावांत एक बाबांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या वडिलांचं होतं. तिथे बाबा थांबले, आणि त्या माणसानं ते नाव स्वतः वाचलं. संपल्यावर फोन कसा ठेवावा ते बाबांना कळेना. बरं, बरं, असं म्हणत राहिले. मी फोन ठेवला तेव्हा क्लास रिकामा होता. ही गोष्ट सांगावी असं शेजारी कुणीच नव्हतं. मी सहाही मशीनची आवरणं सारखी केली आणि दुपारची गाडी चुकली म्हणून स्टँडवर चारपर्यंत बसून राहिले.

ती साइट वर्षभर टिकली. नाव पुन्हा नोंदवायची वेळ आली तेव्हा मंडळात कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि बाराही वाड्या एकदमच गेल्या. गावात त्या पानाबद्दल मला कुणी बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी मात्र, प्रतिक्रियांच्या यादीत, मंजुरीसाठी थांबलेलं एक टिपण मला दिसलं. बाराव्या पानाखालचं. माणूस मुंबईचा होता, वरच्या एका वाडीतला. नाव मी इथे देत नाही. त्यानं लिहिलं होतं की फार पूर्वी, तो लहान असताना, एका उन्हाळ्यात त्यांच्या वाडीची विहीर आटली होती. त्याची आई उजाडायच्या आधी आमच्या विहिरीवर यायची. तिथली एक बाई काही न बोलता तिला पाणी ओढून द्यायची. आईनं हे कुणाला सांगितलं नाही, शेवटच्या आजारपणात फक्त त्याला सांगितलं. हे छापू नका, असं त्यानं खाली लिहिलं होतं. पण त्या बाई असतील तर त्यांना सांगा.

संध्याकाळी आते पडवीत तांदूळ निवडत होती. मी तिला ते सांगितलं. ती म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं. तिचा हात सुपात तसाच राहिला.

“कळशी गळकी होती तिची,” आते म्हणाली. “घरी जाईस्तोवर अर्धी व्हायची. म्हनून दोन वेळा यायची.”

मी विचारलं, कोण गो ती?

“छापू नको म्हनतोय ना तो? मग नाव कशाला हवं तुला?” असं म्हणून तिनं सूप पुढे ओढलं आणि खडे वेचू लागली.

दुसऱ्या दिवशी मी क्लासमध्ये शेवटची गेले. त्या टिपणापुढे ‘मंजूर करा’ आणि ‘काढून टाका’ असे दोन पर्याय होते. मी दोन्ही दाबले नाहीत. त्या माणसाचा पत्ता तिथे होता, त्यावर मेल लिहिली. त्या बाई आहेत, त्यांना सांगितलं, एवढंच. मग बाहेर पडून, पासवर्ड न टाकता, साइट उघडली आणि वरून खालपर्यंत एकदा वाचली. मशीन बंद केलं. सर जेवायला गेले होते. किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवून मी जिना उतरले.